शामण्णांच्या गोल पेशी

शामण्णा कधी हसत नसत, असं आमच्या लॅबमधली उरलीसुरली जुनी माणसं अजून सांगतात. साफ खोटं आहे. हसायचे, पण सूक्ष्मदर्शकात डोळा घालून हसायचे. समोर माणूस आला की मात्र तोंड असं करायचे की जणू कोणी कडू काढा पुढे केलाय. मी त्यांच्या हाताखाली बारा-तेरा वर्षं काढली, त्यामुळे मला त्यांची दोन्ही तोंडं ठाऊक आहेत.

मी मूळची निपाणीची. नवरा रेल्वेत, त्याची बदली बंगळूरला झाली आणि कृष्णराजपुरमला आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. पन्नासचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा. मॅट्रिक झालेली बाई दिवसभर घरात बसून करणार काय, म्हणून शहरातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. पहिल्या दिवशी शामण्णांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी निपाणी म्हटलं. त्या दिवसापासून मी निपाणीच. माझं खरं नाव त्यांना कधी कळलं असेल असं वाटत नाही, आणि मीही हट्टाने सांगितलं नाही.

आमचं काम असं. ऑपरेशनमध्ये माणसाच्या अंगातून जो तुकडा काढतात तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत आमच्याकडे यायचा. तो मेणात बसवायचा, सुरीने त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, ते काचेवर घ्यायचे आणि रंगवायचे. मग मोठे डॉक्टर ती काच बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहायचे. लिहिणारे डॉक्टर, काच करणारे शामण्णा. ह्या दोन कामांमध्ये केवढी भिंत असते हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

शामण्णा पिढीजात रंगारी. त्यांचे पूर्वज म्हणे कोण्या सरदाराच्या फौजेबरोबर तंबू रंगवायला इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत ते राहायचे, तिथेच थोरल्या भावाचं घर आणि घराखाली रेशीम रंगवायचा कारखाना, म्हणजे काय तर चार तांब्याच्या कढया, चुली आणि वाळत घातलेल्या लडी. मराठी बोलायचे, पण काय मराठी! ‘निळा स्वल्प चढला नाही, स्वल्प थांब, हां, सरी, आता काढ.’ स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक. पहिले पंधरा दिवस मला हसू आवरायचं नाही. पुढे मीच घरी नवऱ्याला ‘स्वल्प मीठ वाढू का’ म्हणायला लागले.

काच रंगवायला जो निळा-जांभळा रंग लागतो तो एका परदेशी झाडाच्या लाकडातून निघतो. त्याच लाकडाने त्यांचे आजोबा रेशमाला काळा रंग द्यायचे. त्यामुळे हा रंग ते आपल्या घरचाच समजत. रंगाची बाटली गच्चीच्या कठड्यावर उन्हात महिना-दीड महिना मुरत ठेवायची, रोज एकदा हलवायची, आणि मुरला की नाही ते बघायला खिशातून पांढऱ्या रेशमाचा धागा काढून त्यात बुडवायचा. धागा उजेडात धरून ‘आला’ म्हणायचे किंवा ‘नाही आला’ म्हणायचे. नाही आला तर मोठ्या डॉक्टरांनी डोकं आपटलं तरी त्या बाटलीला हात लावू देत नसत. शहरातले दुसरे डॉक्टर आमच्या काचा बघायला मुद्दाम यायचे. शामण्णांच्या हातची काच म्हणजे काच होती बाई, उगाच नाही.

तर ह्या काचांत त्यांना त्या गोल पेशी भेटल्या.

मूत्राशयाच्या कॅन्सरचे तुकडे ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. कारण उघड होतं. त्यांच्या गल्लीतली माणसं त्याच दुखण्याने जायची. इकडे शहरभरातून वर्षात मोजके तुकडे यायचे, पण त्या कागदांवरचे निम्मे पत्ते शामण्णा न वाचता सांगायचे. रंगाच्या पुडीत काहीतरी आहे असं त्यांचं ठाम मत होतं. थोरल्या भावाला, दादांना, त्यांनी रबरी हातमोजे नेऊन दिले होते. दादांनी ते खुंटीला अडकवून ठेवले. मोज्यांतून रेशीम हाताला लागत नाही म्हणाले. शिवाय रंगाचं पाणी किती आंबट झालंय ते बघायला ते भिजलेली लड जिभेला लावायचे, त्याला मोजे काय करणार?

आता ह्या कॅन्सरच्या गाठीभोवती काही काचांमध्ये बारीक, गोल, गर्द निळ्या पेशींची दाटी दिसते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या, शरीराची राखण करणाऱ्या. काही काचांत इतकी दाटी की गाठ नीट दिसू नये, आणि काहींत भोवती सगळं सामसूम. मोठे डॉक्टर हे बघत, नाही असं नाही. ‘भोवती दाह आहे’ एवढं एका ओळीत लिहीत आणि पुढे जात. नळी घातली, जंतू लागले, म्हणून दाह. त्यांच्या लेखी विषय तिथे संपायचा.

शामण्णांच्या लेखी तिथे सुरू व्हायचा. दाटी दिसली की ते हसायचे. म्हणायचे, ‘ह्याच्या अंगाला कळलंय.’ आणि सामसूम असली की, ‘ह्याच्या अंगाला अजून पत्ता नाही.’ ज्याच्या अंगाला कळलंय तो टिकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी एक वही केली होती. प्रत्येक मूत्राशयाच्या तुकड्याला अर्धं पान. लाल पेन्सिलीने गाठ काढायची, निळ्या पेन्सिलीने भोवतीच्या पेशी, एकेक ठिपका. खाली नाव आणि पत्ता. आणि पत्त्याखाली जागा सोडायची.

ती सोडलेली जागा रविवारी भरायची. हा माणूस रविवारी सकाळी डोसा खाऊन बाहेर पडायचा आणि त्या पत्त्यांवर जाऊन माणूस जिवंत आहे का बघून यायचा. दार वाजवायचं नाही, ओळख द्यायची नाही. घराच्या समोर उभं राहायचं, शेजारच्या दुकानात सुपारी घ्यायची, सहज विचारायचं. लॅबमधल्या माणसाने रोग्याच्या घरी जायची पद्धत नाही, आणि गेलेलं कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. मी त्यांना एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, काच बघून मला अर्धंच कळतं, उरलेलं अर्धं रस्त्यावर आहे.

एका रविवारी ते कृष्णराजपुरमला आले तेव्हा मी बरोबर गेले. मारतहळ्ळीच्या वाटेवर एक सुतार राहायचा, पाच वर्षांपूर्वीचा तुकडा, भोवती गच्च दाटी. तेव्हा तिकडे सगळी भातशेतं आणि तळी, चालून चालून माझे पाय गळून गेले. सुतार अंगणात खाटेच्या पायाला रंधा मारत बसला होता. चांगला ठणठणीत, बायकोवर खेकसत होता. शामण्णा कुंपणापाशी उभे राहिले, त्याच्याकडे बघत. तोंडावर ते सूक्ष्मदर्शकातलं हसू. सुताराने काय पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाले काही नाही, चुकून आलो. परतताना त्यांनी मला क्वार्टरच्या दारापर्यंत सोडलं आणि माझ्या हातचा खारा भात, म्हणजे आपला तिखट उपमा, दोनदा मागून खाल्ला. त्या दिवसासारखा आनंदी माणूस मी कमी पाहिलाय.

त्याच दिवशी, सुताराच्या घराच्या थोडं पुढे, आणखी एक पत्ता होता. तिथे कुलूप होतं. माणसं कुठेतरी निघून गेली होती, शेजाऱ्यांना सांगता येईना. शामण्णांनी ती जागा वहीत कोरी ठेवली. घर बदललेलं, आपल्याला काय कळणार, म्हणाले. मलाही ते रास्तच वाटलं. अशी कोरी पानं त्या वहीत बरीच होती, पण कोऱ्या पानाकडे कोण बघतं?

वही पुष्कळ भरली तेव्हा एक दिवस धीर करून त्यांनी ती मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी पाच-सहा पानं उलटली, चित्रांचं कौतुक केलं आणि म्हणाले की शामराव, तुमच्यासारखी काच मद्रासपर्यंत कोणी करत नाही, वाचायचं काम तेवढं माझ्याकडे राहू द्या. रागाने नाही, अगदी प्रेमाने. शामण्णा ‘सरी सर’ म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत दगडावर सुरीला धार लावत बसले. त्या दिवशी मी त्यांच्या वाटेला गेले नाही.

साठ साल उलटल्यावर दादांची गोष्ट सुरू झाली.

खरं तर ती आधीच सुरू झाली होती, कळलं उशिरा. रंगाऱ्यांच्या घरात लघवीला रंग येतो हे सगळ्यांना सवयीचं. किरमिजी रंगाचा मोठा घाणा काढला की दोन दिवस गुलाबी, पिवळ्याचा काढला की पिवळी. गडी एकमेकांची थट्टा करायचे त्यावरून. दादांना लाल होत होतं तेव्हा लग्नसराईचे लाल शालू चालू होते. त्यांनी पाच-सहा महिने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सराई संपली, कढया उपड्या पडल्या, आणि तरी लाल थांबेना, तेव्हा वहिनींनी शामण्णांच्या कानावर घातलं. शामण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच दादांना घेऊन इस्पितळात आले, येताना त्यांनी भावाचा हात धरला होता.

तुकडा आमच्याकडे आला. शामण्णांनी मला जवळ फिरकू दिलं नाही. काप त्यांनी काढले, रंगही त्यांनीच दिला. मग डोळा लावून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मला बघायला बोलावलं. गाठ होती, त्यात शंकाच नव्हती. पण भोवती ही दाटी! इतकी दाटी मी तरी कुठल्या काचेत पाहिली नव्हती. शामण्णा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ‘दादाच्या अंगाला कळलंय, निपाणी,’ म्हणाले.

सर्जनचं मत पडलं की मूत्राशय पूर्ण काढावं. त्या काळी ते ऑपरेशन म्हणजे जिवावरचा खेळ. टेबलावरून उतरेल की नाही सांगता येत नसे, आणि उतरला तर लघवीची वाट आतड्यात जोडायची, जन्मभर सगळं एकाच वाटेने. दुसरा मार्ग म्हणजे नळीतून गाठ खरवडायची, जाळायची आणि वाट बघायची. सर्जनने दोन्ही सांगितलं आणि घरच्यांनी ठरवा म्हणाले.

घरच्यांनी ठरवायचं म्हणजे शामण्णांनी. त्या गल्लीत दवाखान्यातला आपला माणूस म्हणून त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांना काच वाचायचा अधिकार नाही हे तिथे कोणाला माहीत असणार? गौरी-जेवणाला वहिनींनी मला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होते आणि म्हणूनच सांगू शकते. वहिनी म्हणजे ठेंगणी, हसरी बाई, हाताचे तळवे कायम जांभळे, कारण रंगाची पूड कालवायचं काम तिचं. पंगत उठली. दादा पाटावर तसेच बसून राहिले आणि म्हणाले, ‘शामा, तू ती काच बघितलीस. मी मेलो तर चालेल, पण अर्धा माणूस होऊन जगायला नको. तू सांग.’

शामण्णा त्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. मग म्हणाले, ‘नको कापायला. तुझं अंगच लढतंय. थांबू या.’

वहिनींनी ताबडतोब उठून देवापुढे साखर ठेवली. मला मात्र ते बरं वाटलं नाही. का ते आजही नीट सांगता येणार नाही. माझा त्या वहीवर विश्वास होता. पण माणूस चित्र काढतो वेगळं आणि भावाच्या जिवाचं सांगतो वेगळं, असं काहीतरी मनात आलं. बोलले नाही. बोलायला हवं होतं की काय, हा प्रश्न मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला घातला.

खरवडून झाल्यावर लाल थांबलं. सात-आठ महिने दादा कामावर होते. त्या दिवसांत शामण्णा माणसांकडे बघून हसायला लागले, मोठे डॉक्टरसुद्धा चकित झाले. एकदा तर त्यांनी सगळ्या लॅबला गल्लीतल्या हॉटेलातून मैसूरपाक आणला. मग पावसाळ्यात पुन्हा लाल सुरू झालं, आणि ह्या वेळी कंबरेत दुखायलाही लागलं.

दुसरा तुकडा आला. शामण्णांनी एकच तुकडा तीनदा कापून तीनदा रंगवला, जणू चूक रंगाची असावी. दाटी तशीच होती. होती काय, वाढली होती. आणि त्या दाटीच्या मधून गाठीच्या पेशी दोरे ओवल्यासारख्या स्नायूत उतरल्या होत्या. ‘बघ, निपाणी,’ ते मला म्हणाले, ‘ह्यांतलं कोणी गाठीला मारत नाही. नुसते उभे आहेत.’ मग त्यांनी काच थोडी सरकवली आणि मला गर्दीतल्या काही मोठ्या, फिकट पेशी दाखवल्या. गाठीच्या अंगाला अंग लावून बसलेल्या. त्यांच्या बाजूबाजूने नवीन रक्तवाहिन्यांची बारीक तोंडं. जिथे ह्या मोठ्या पेशी जास्त, तिथेच गाठ पुढे सरकलेली. घराला आग लागली की जमलेला प्रत्येकजण पाणी घेऊन आलेला नसतो, म्हणाले, काही बघायला येतात आणि काही भांडी उचलायला. मी सगळ्यांना एकाच निळ्या पेन्सिलीने काढत गेलो.

मी त्यांना समजावलं की हे तुमचं दुःख बोलतंय. काय शहाणी मी! आता माझी भाची ह्याच विषयात काम करते, मारतहळ्ळीला, जिथे ती भातशेतं होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत. ती मला सांगते की मावशी, गाठच काही पेशींना बोलावून घेते, त्यांना फितवते, मग त्या गाठीला खाऊ-पिऊ घालतात, रक्त आणून देतात आणि खऱ्या लढणाऱ्या पेशींना गप्प बसवतात. आणि आता म्हणे क्षयाची लस लघवीच्या पिशवीत घालून त्या लढणाऱ्यांना जागं करतात, आणि कित्येकांची पिशवी वाचते. मी ऐकून घेते. चांगलं आहे. ज्यांना पाहिजे होतं ते सगळे गेले.

दादा त्या हिवाळ्यात गेले. फार हाल झाले, ते मी लिहिणार नाही. शामण्णा रोज त्यांच्या उशाशी बसायचे आणि दादा त्यांना रोज एकच विचारायचे, ‘अजून लढतायत का रे?’ शामण्णा ‘हो’ म्हणायचे.

तेरावा झाल्यावर वहिनी भावाकडे होसकोटेला गेली. घर भाड्याचं, कारखाना दुसऱ्याने घेतला. तिचा एक डबा माझ्याकडे राहिला होता. रिकामा परत करू नये म्हणून त्यात चार लाडू घालून मी एका रविवारी गल्लीत गेले, ती गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. दाराला कुलूप, आणि कुलपासमोर शामण्णा उभे. समोरच्या दुकानात सुपारी घ्यायला उभे राहायचे तसे. मी हाक मारली तर वळले नाहीत.

‘निपाणी,’ म्हणाले, ‘मी आज परका असतो आणि हा पत्ता वहीत असता, तर मी काय लिहिलं असतं?’

मला एकदम कळलं. काही लिहिलं नसतं. घर बदललं म्हणून जागा कोरी ठेवली असती. माणूस जगला की तो आपल्या अंगणात रंधा मारत बसलेला सापडतो. माणूस मेला की घर मोडतं, बायको माहेरी जाते, दाराला कुलूप लागतं. इतकी वर्षं हा माणूस रविवारी हिंडून फक्त जगलेल्यांना मोजत होता. आणि त्या मोजणीवर त्याने सख्ख्या भावाला थांब म्हणून सांगितलं. मी तो डबा हातात धरून उभी होते. दादांचं ऑपरेशन झालं असतं तर ते टेबलावरच गेले असते, कोण सांगावं, असं काहीतरी मी बोलले. ते खरंही होतं. त्याने कोणाचं समाधान होणार?

ती वही त्यांनी फाडली नाही, जाळली नाही, तसलं नाटक त्यांच्या अंगात नव्हतं. सोमवारी ती काढून कोऱ्या पानांचे पत्ते एका कागदावर उतरवले आणि पुढचे कितीतरी रविवार ती कुलपं कुठे गेली ते शोधत हिंडले. जेवढी सापडली तेवढी सगळी मेलेल्यांची होती. दाटीवाल्यांचीही आणि सामसूमवाल्यांचीही. त्यानंतर काच करून डॉक्टरांपुढे ठेवायची आणि स्वतः डोळा लावायचा नाही, असं त्यांनी सुरू केलं. काचा मात्र तशाच सुंदर व्हायच्या.

आणि वहिनीचं काय, तर ती दर संक्रांतीला होसकोटेहून माणसाबरोबर तीळ-गूळ पाठवायची, शामण्णांना आणि मला. सोबत निरोप असायचा की भावजींमुळे ह्यांच्या अंगाला सुरी लागली नाही, अख्खे गेले, हे उपकार मी विसरणार नाही. शामण्णा तो तीळ-गूळ माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचे. सात वर्षं हे चाललं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, एकदा ते म्हणाले.

साठचं दशक संपत आलं होतं, शामण्णांच्या निवृत्तीला दोन-तीन आठवडे राहिले होते. सकाळी लॅबबाहेरच्या बाकावर वहिनी बसलेली दिसली. वाळली होती, पण तीच ती हसरी. मांडीवर कापडी पिशवी. तिलाही लाल होत होतं. तीस वर्षं हाताने पूड कालवली, दुसरं काय होणार? तुकडा आदल्या आठवड्यातच काढला होता, कागदावर तिने माहेरचं आडनाव सांगितलं होतं की भावाने लिहून दिलं होतं, कोण जाणे, पण आम्हाला पत्ता लागला नव्हता. ती काच शामण्णांनीच केली होती, न बघता. डॉक्टरांनी कॅन्सर लिहिला होता. सर्जनने सांगितलं होतं की वेळेवर आलात, आता हे ऑपरेशन पूर्वीपेक्षा बरं होतं, काढून टाकू.

‘मी म्हटलं, भावजींना विचारते,’ ती म्हणाली. ‘ते सांगतील तसं.’

शामण्णा आत गेले. सात वर्षांनी त्यांनी डोळा लावला. मीही नंतर बघितलं. दाटी होती. कोणती पेशी कोणाच्या बाजूची ते मला कळलं नाही आणि त्यांनाही कळलं नसावं. बाहेर येऊन ते तिच्याशेजारी बाकावर बसले. ऑपरेशन करून घ्या, म्हणाले. तिला वाटलं ते थट्टा करतायत. दादांना नको म्हणालात आणि मला करा म्हणता, म्हणून विचारायला लागली. तेव्हा त्यांनी सांगितलं. मी दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. माझी मोजणी चुकली होती, म्हणाले, मी दादाला चुकीचं सांगितलं, मला काही येत नव्हतं, सर्जनचं ऐकायला हवं होतं. इतकी वाक्यं एका दमात ते आयुष्यात बोलले नसतील.

वहिनीचं हसू गेलं नाही. ते तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र दुसरीकडे गेले. मग तिने पिशवीचे बंद आवळले.

‘असं बोलू नका, भावजी. करण्यासारखं काही नव्हतं, असं म्हणत मी सात वर्षं काढली. आता मी पोट कापून वाचले, तर मग ते का गेले? ते मला नको.’

तिने ऑपरेशन केलं नाही. वर्षभरात होसकोटेला वारली, असा निरोप आला. पण शामण्णा मला आठवतात ते त्या दिवशी दुपारचे, लॅबच्या खिडकीतून दिसलेले. ते तिची पिशवी घेऊन तिच्या मागोमाग फाटकाबाहेर बसच्या थांब्यापर्यंत गेले. सगळी वाट ते हात हलवून बोलत होते आणि ती नाही म्हणून मान हलवत होती. होसकोटेची बस आली. ती चढली, पिशवी घेतली, खिडकीशी बसली आणि तिथून तिने त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बस निघून गेली तरी शामण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी नमस्कार घेतला नाही, हात दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते.